तोडे ढिले झाले

पिपरी, १९५७

रामाजीदादा,

मागच्या साली मी बौद्ध झाली, देव्हारा काढला. मंग माह्ये पाय सुजले, तं तू म्हनलं, "देवीचा कोप हाये. देव परत मांड, नाईतं जित्ती राह्यत नाईस."

नाई मांडले. दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणे, "हृदयाचा जोर कमी झाला, म्हणून पाणी साचतं. या गोळीनं हृदय सावकाश पण जोरानं रक्त ढकलेल, पाणी लघवीवाटे जाईल." मीठ सोडाले लावलं. देव सोडले, तिथं मीठ काय!

पायात रुतलेले तोडे आता ढिले फिरून राह्यले. देवीनं भरलेलं पाणी गोळीनं कसं उतरलं, सांग?

हे पत्र टपालात टाकत नाई, मीच संगं घेऊन येईन. पुलगावले रेल्वेतून उतरीन, नाचणगावपर्यंत पायी येईन. तोड्यांचा आवाज आला की दार लावू नोको.

तुही जित्ती बहीण,
भागीरथा