एकोणीस श्रोत्यांची वही

टेंभुर्णी, ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप पुंजाराममामा यांस भाचा भुजंगाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा? इकडे आम्ही सगळे क्षेम आहोत (पत्रात असेच लिहितात). आई तुमच्यावर रागावलेली नाही, माझ्यावर आहे, आणि त्याला कारण तिचे पितळी पातेले. ते पुढे येईलच.

हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा तुम्ही विचारले होते, मंग आता नोकरी? नोकरी नाही, मामा. मद्रासकडच्या एका विज्ञानसंस्थेत बिनतारी यंत्रांच्या संशोधनाला शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षांची, जागा एकच. माझे गुण पुरेसे आहेत, प्रोफेसरांची शिफारसही आहे. तिसरी अट मात्र नामी. उमेदवाराने स्वतः रेडिओ बांधावा, चाळीस दिवस चालवावा आणि रोजची वही पाठवावी: कोणते केंद्र लागले, किती वाजता, आभाळ कसे होते, आवाजाला पाचांपैकी गुण किती. गुण दुसऱ्याने द्यायचे, आणि देणाऱ्याचे नाव, गाव, सही किंवा अंगठा घ्यायचा. (आपला तो बाब्या, हे त्यांनाही ठाऊक असावे.)

तर रेडिओ बांधला. तारांचे सांधे डाख देऊन जोडले आमच्या सिराजोद्दीन घड्याळवाल्याने. कानाला लावायचा जोड एकच होता, पण तो आईच्या पातेल्यात ठेवला की साऱ्या ओसरीला ऐकू जाई. शेजारचा कडूबा रोज पाच गुण देई. बॅटरी बसली त्या दिवशीही दिले, म्हणाला, "तू येवढी मेहनत करून राह्यला, कमी कसे देऊ?" आईने शून्य दिले, कारण डाळ कशात शिजवायची हा प्रश्न होता. सिराजोद्दीनचे मात्र ठरलेले. "आवाज बराबर न्हाई. दोन." त्या दोनांपायी मी चार वेळा सगळ्या तारा सोडून पुन्हा बांधल्या. माझ्या प्रोफेसरांनीही मला इतके शिकवले नाही.

सगळ्यांत स्वच्छ लागे ते दिल्ली. दिल्ली ऐकणे सध्या आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, गुन्हा आहे, हे तुम्हा वऱ्हाडातल्या लोकांना सांगायला नको. मी वहीत दिल्लीच लिहिले. शास्त्रात खोटे लिहायचे नाही एवढेच मी शिकलो होतो.

एक्केचाळिसाव्या दिवशी पोलीस अमीन चार शिपाई घेऊन आला. रेडिओ नेला, आणि यंत्राचा भाग समजून पातेलेही नेले. वही कणगीत ज्वारीखाली होती, ती सापडली नाही. पण गावात डाख देणारा माणूस एकच. सिराजोद्दीनला चार दिवस ठेवून घेतले. ऐकायला कोण कोण येत होते आणि वही कुठे आहे, एवढेच विचारत होते म्हणे. त्याने एकही नाव सांगितले नाही; यंत्र आपलेच, आमच्या ओसरीवर नुसते ठेवलेले, असे म्हणाला, म्हणून मला धरले नाही. परत आला तर उजव्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत. चिमटा धरता येत नाही, त्यामुळे दुकान बंद आहे. मी भेटायला गेलो आणि मला रडूच आले. तो म्हणाला, "रडून काय फायदा? वही जल्दी पाठव. तू मद्रासला गेला म्हंजे माझी बोटं कामाला आली." मला फार लाज वाटते, मामा.

हे पत्र टोपीच्या अस्तरात घालून तोच येत आहे. वही झुंबरबाई कासारणीच्या टोपलीतून, बांगड्यांखाली, आधीच निघाली आहे. मिळताच सोबतच्या अर्जासह रजिस्टरने पाठवावी. तुमच्याकडचे टपाल कुणी फोडत नाही. शेवटची तारीख पंधरा जुलै. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
भुजंग

ता. क. आईसाठी एक पातेले पाठवावे, जाड बुडाचे.

आणखी ता. क. वरचे सगळे सिराजोद्दीनला वाचून दाखवले आहे (त्याने पाचांपैकी दोन दिले). त्याला उर्दू येते, आपली अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून हे खाली लिहितो. वही निघालीच नाही. सरहद्दीच्या नाक्यावर आता टोपल्या उलट्या करून पाहतात, आणि वहीत एकोणीस नावे होती, त्यांत पहिला अंगठा झुंबरबाईचाच. काल आईने चूल पेटवली तेव्हा पान पान करून मी ती आत घातली. वहीवाचून अर्ज कुणी बघणार नाही, तो फाडून टाका. तुमच्या कापसाच्या जिनात पाळीची घंटा द्यायला घड्याळ कळणारा माणूस लागतोच, तिथे याला ठेवून घ्या. त्याचा डावा हात चांगला आहे. आणि दारात आल्याबरोबर, पाणी घ्यायच्याही आधी, तो विचारील, वही पोचली का? पोचली म्हणा.