शेजारच्या बोटीवरचा माणूस

ब्रॉन्स्टन, ४ मार्च १९९४

ती. मॉरीन आत्यास,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

बाबा आणि मी ठीक आहोत. सकाळी दोर अजून गारठून कडक असतात, पण कालव्याकाठच्या कुरणांत कोकरं दिसू लागली. हिवाळाभर बांधून ठेवलेल्या बोटी निघाल्या, तशी आपली ‘लॅपविंग’ही निघाली.

लिहायचं कारण वेगळं. पेगलर नावाचा माणूस आपली बोट घेऊन रोज आमच्या मागे येतो. आम्ही थांबलो की तोही थांबतो. लॉकमध्ये, त्या पाणी चढवायच्या-उतरवायच्या दरवाजेबंद हौदात, दोन बोटी शेजारी मावतात, पाणी वाचतं, म्हणून तो आमच्याबरोबर आत शिरतो. ते रीतीला धरूनच आहे. पण दुसऱ्या बोटीच्या माणसाने उतरून एक दरवाजा ढकलायचा असतो, तेवढं हा करत नाही. मी पाठ लावून दोन्ही दरवाजे ढकलते आणि हा चहा पीत बघत बसतो! वर बाबा त्याला बिस्किटं देतात. मी कुरकुरले, तर बाबा म्हणाले, त्याची पाठ धरली असेल. काल तोच कोळशाची गोणी खांद्यावर टाकून पूल चढला.

परवा मी दूध आणायला गेले, तर परतेपर्यंत दोघं दार लावून आत बोलत होते. मला बघताच गप्प. आत्या, बाबा त्याला बोट विकताहेत का? आईजवळ मी अक्षरं शिकले ती याच बोटीत, हिशेब बाबांनी सुकाणूपाशी शिकवला. ही गेली तर मला दुसरं घर नाही. उगाच कुणावर आळ नको, म्हणून आधी तुला विचारते.

तुझी,
हेस्टर

लेमिंग्टन, ९ मार्च

चि. हेस्टर हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू अगदी आईवर गेलीस. मांजर खोकलं तरी तुला वाटतं, कट शिजतोय. बोट कुणी विकत नाही. पेगलर बिचारा भला असेल, त्याला काय त्रास देतेस! मी मागची खोली रंगवून घेतेय, वासाने डोकं उठलंय. बाबाच्या गुडघ्याला शेक देत जा आणि लॉकच्या कडेला त्याला जाऊ देऊ नकोस. वेळेवर जेव.

तुझी काळजी करणारी,
आत्या

बकबी, १४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा हिवाळ्यात लॉकच्या कडेवरून घसरून पाण्यात पडले आणि गुडघा दुखावला, हे मी तुला कळवलंच नव्हतं. त्यांनी मला शपथ घातली होती. मग गुडघा तुला कुणी सांगितला? आणि रिकाम्या खोलीला रंग कुणासाठी? तुझं पत्र सरळ बाबांपुढे ठेवलं.

ते आधी हसले, मग म्हणाले, ताईच्या पोटात काही राहत नाही. त्यांचा पाय आता भरवशाचा नाही, म्हणून ते तुझ्याकडे राहायला येणार. बोट माझ्याकडे ठेवणार. पण एकटीला लॉक जमतील का, या धास्तीने त्यांनी पेगलरना सांगून ठेवलं होतं, की मागे राहा, बघ, पण हात लावू नकोस, अडली तरच उडी मार.

मी माफी मागायला गेले, तर पेगलर म्हणाले, माफी राहू दे, चहा पिऊन पिऊन माझंच पोट बिघडलंय.

तुम्हा दोघांवर मात्र मी रागावले आहे. बाबांचं म्हणणं, ‘हेस्टर, तुला आधी सांगितलं असतं तर तू मला आत्याकडे जाऊच दिलं नसतंस.’ ते खरं आहे, म्हणून राग जास्त.

तुझी,
हेस्टर

लेमिंग्टनच्या पुलाखाली, ३१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे राहायला आल्याला आठवडा झाला, काल त्यांना बसने मला भेटायला पाठवलंस, बरं केलंस. दुसऱ्याच्या बोटीवर आपल्या बोटवाल्यांत कुणी विचारल्याशिवाय पाय ठेवत नाही. छतावर टकटक करायची आणि काठावर थांबायचं. मी भांडी घासत होते, टकटक ऐकून वाटलं, कुणी परकं असेल. बाहेर डोकावले, तर तू इस्त्री केलेला शर्ट घालून बाबा पायवाटेवर उभे. येऊ का, असं त्यांनी विचारलं.

बोट आता माझी, म्हणून बाबाही विचारूनच पाय ठेवणार, आत्या. ते तसेच थांबून राहिले. मग मी हात पुढे केला.

राग सोडला आहे, माया मात्र सोडू नकोस.

तुझी,
हेस्टर