काळी पाचचा गंधार

केदारखेडा, शुक्रवार

आदरणीय संपतराव यांस, आपली धाकटी बहीण मीना हिचा पती राधेश्याम याचा सविनय नमस्कार.

आपली गुडघेदुखी उतरली असेल आणि वहिनींची शर्करा आटोक्यात असेल, असे मी गृहीत धरतो. कारण उत्तराची वाट पाहण्याइतका अवधी माझ्यापाशी नाही. येथे मी शरीराने सुखरूप आहे. (फोनच केला असता, पण आमच्या घरातले फोनवरचे बोलणे मीनाला अंगणातूनही ऐकू जाते.)

आपण जाणताच की गंधार या एका स्वरावर उमेदीची वर्षे खर्चून मी विद्यावाचस्पती झालो. जगाला वाटते, ग म्हणजे ग. तसे नाही. प्राचीनांचा पंचम एका ग्रामात, म्हणजे स्वरांच्या मांडणीत, जिथे असे, तिथून दुसऱ्या ग्रामात श्रुतीभर, म्हणजे सुराच्या बारीक पायरीभर, खाली उतरे. युरोपात काही शतके गंधार निर्मळ राखीत, आणि त्याची शिक्षा म्हणून वाद्याच्या एका कोपऱ्यातला पंचम असा भेसूर ओरडे की तेथील लोक त्याला चक्क लांडगा म्हणत. पुढे सप्तकाचे बारा समान तुकडे पाडून त्यांनी लांडगा मारला आणि गंधार कायमचा केसभर चढा करून ठेवला. तोच चढा गंधार पेटीतून आपल्या गावोगावच्या देवळांत शिरला, आणि त्याची कोणालाही खंत नाही. (मला आहे. एकट्याला.)

तर येथील महिला भजनी मंडळाची पेटी गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. तक्रार एवढीच की एक पट्टी दाबली की वर येत नाही. मी पेटी उघडली, आणि आतले असत्य पाहून त्या पट्टीकडे लक्ष देणे मला क्षुद्र वाटले. बारीक कानस घेऊन मी एकेक पितळी सूर, म्हणजे स्वराची जीभ, घासला आणि सारे स्वर शुद्ध श्रुतींवर आणले. गंधार लागला तेव्हा, संपतराव, माझ्या डोळ्यांत पाणी आले. (मीना म्हणाली, पितळेचा भुगा गेला असंल.)

येत्या मंगळवारी, अंगारकीला, राजूरच्या गणपतीपुढे मंडळाची पाळी आहे. तुळजाबाईंचा घसा बसल्यामुळे मुख्य गायन मीनाकडे आले आहे. लग्नापासून ती मागच्या रांगेत साथ करीत आली. पुढे बसण्याची ही पहिलीच वेळ. तालमीला मी परीक्षकाच्या नात्याने उपस्थित राहिलो. ती गाऊ लागली आणि प्रत्येक ओळीत गंधारावर पेटीच्या खाली राहू लागली. तुळजाबाई बसल्या घशाने म्हणाल्या, "काय वो डाक्टर, पेटीला ताप आलाय का?" मी सर्वांसमक्ष निर्णय दिला की ही आता जिल्ह्यातील सर्वांत शुद्ध पेटी आहे, उतरतो तो मीनाचा गंधार.

मीनाने भजनाची वही मिटली. घरी आल्यावर म्हणाली, "तुमी इतकं शिकलेले, तुमचं बराबरच असंल. मंग न्हाई गात मी. आकांक्षाला म्हणू द्या." (आकांक्षा मंडळात नवी आहे, तिचा एकही स्वर मला मान्य नाही.) तेव्हापासून मीना भाकरी थापतानाही गुणगुणत नाही. मला आयुष्यभर जी शांतता हवी होती ती अखेर लाभली आहे, आणि ती सोसवत नाही.

त्या शांततेतच मला शोध लागला. श्रुतींवर लावलेली पेटी एकाच षड्जापुरती, म्हणजे एकाच 'सा'पुरती, शुद्ध असते. मी षड्ज धरला काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, कारण मी काळी एकमध्ये गातो. मंडळ गाते काळी पाचमध्ये. तिथून मोजले तर जो गंधार केसभर खाली आणायला मी निघालो होतो, तो पूर्वीच्या तिप्पट चढून बसला आहे. युरोपाने मारलेला लांडगा मी केदारखेड्यात आणून सोडला. आणि मीना गात होती तो नेमका तोच निर्मळ गंधार, ज्यावर मी प्रबंध लिहिला. ही गोष्ट महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतात. मीच शिकवीत असे. आता पेटी पूर्ववत करावी, तर पुन्हा कानस उचलायला हात धजत नाही. (अडकणारी पट्टी अजूनही अडकते.)

लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, धैर्य तेवढे संपले, म्हणून थांबतो. वडील मंडळींस दंडवत.

आपला,
(डॉ.) राधेश्याम

ता. क. मूळ काम राहिलेच. रविवारी यावे, आणि सहज बोलता बोलता मीनाला सांगावे की तिचा गंधार अचूक आहे, पेटीच खोटे बोलते. आपला शब्द ती मानते. (गंधार म्हणजे काय हे आपणास ठाऊक नाही, त्यावाचून अडणार नाही.) पेटी कोणी बिघडवली असे तिने विचारल्यास दमट हवेचे नाव घ्यावे. पत्र शेजारच्या बद्रीनाथच्या हाती देत आहे; तो उद्या मंठ्याला येतो.

आणखी ता. क. मी पाकीट शोधायला आत गेलो, तेवढ्यात मीनाने पत्र वाचले. हवेपर्यंत सगळे. मग ती इतकी हसली की तुळजाबाई काय झाले ते पाहायला आल्या, आणि तिने त्यांनाही वाचून दाखवले. नंतर मला म्हणाली, "आता गातेच मी. पेटी राहू द्या घरी, नुसत्या मृदंगावर गाऊ. अन् तुमी मागच्या रांगेत टाळ धरा. त्याला कानस लागत न्हाई." तुळजाबाईंनी तत्काळ मंजुरी दिली. तेव्हा आता हवेविषयी काही बोलू नये. रविवारी मात्र अवश्य यावे, जमल्यास शनिवारीच. मंठ्याच्या भजनात आपण इतकी वर्षे टाळ धरता. मला धरता येत नाहीत.