सासूबाईंचा दगडी अल्पाका

२९ जुलै १९७१, सिकुआनी (पेरू)
आज वरच्या पठारावरून आलं ते असं : सुकं मांस एक पोतं, वाळवलेले काळे बटाटे अर्धं पोतं, सासूबाई एक. ट्रकवाल्याने पंधरा सोल घेतले. सासूबाईंचे वेगळे लावले नाहीत, पोत्यावर बसून आल्या. त्यांच्या गाठोड्यात दगडात कोरलेला अल्पाका, मुठीएवढा, पाठीत खळगा. इंकांच्याही आधीचा म्हणे. ज्या सुनेला तो मिळेल, लोकरीच्या अल्पाकांचा अख्खा कळप तिच्या घरी. ऑगस्टात ठरवणार आहेत. सुना दोनच. मी मॅट्रिक, आणि वर सासूबाईंजवळ राहणारी धाकटी जाऊ ओनोराता, जिला सही येत नाही. ठरवायचं काय आहे त्यात?

१ ऑगस्ट
कळप वाढावा म्हणून सासूबाईंनी खळग्यात चरबी भरली, वर कोकाची पानं खोचली. त्याच्याशी बोलतात! खा रे बाळा, पोटभर खा. मी म्हटलं, कार्मेनमाउलीच्या, आपल्या मेरीमातेच्या तसबिरीसमोर असलं नको. त्या म्हणाल्या, तुझी माउली मेण खाते, माझं बाळ चरबी खातं, तू का जळतेस? वय झालंय. मी मनावर घेतलं नाही. जेवले नाही ते भूक नव्हती म्हणून.

३ ऑगस्ट
हे म्हणाले, एदुविहेस, आईच्या गाठोड्याला हात लावायचा नाही हं. मी कशाला लावू? लोकरीचा भाव तेवढा विचारून आले. संकल्प : कळप आला की ओनोराताला वर्षाला एक घोंगडी द्यायची. जुनी.

६ ऑगस्ट, दुपार
सासूबाई बाजारात. गाठोडं आपसूक सुटलं. काय तो वास! खळग्यात पिढ्यान्‌पिढ्यांची चरबी, काळी, खवट. राख आणि साबण लावून घासला, खिळ्याने कोरून काढला. लख्ख! खळगा अगदी मेणबत्तीच्या मापाचा. एक थोटूक बसवून, पेटवून माउलीपुढे ठेवला. दोन्हीकडचे देव सांभाळले, शिवाय चरबीची बचत. आज निकाल लागणार.

संध्याकाळ
आनंदाने सासूबाईंनी मेणबत्ती फुंकून दगड झडप घालून उचलला. मग म्हणाल्या, बायकांनी बायकांच्या हाती देत त्याला आजवर भरवलं. तू त्याला उपाशी ठेवलंस, वर पोटात आग लावलीस. शिकलेली ना गं तू? वाच की त्याच्या तोंडावर काय लिहिलंय. मी नीट पाहिलं. काही लिहिलेलं नव्हतं.

८ ऑगस्ट
सासूबाई परत गेल्या. दगड शालीत, तान्ह्या मुलासारखा छातीशी. हे पोचवायला गेलेत. जाताना ह्यांनी दोन्ही स्वेटर आणि दाढीचं सामान घेतलं. वर थंडी फार.

३० ऑगस्ट
ट्रकवाला सांगतो, ओनोराता दगडाला रोज चरबी चोळते, सासूबाई तिला लेकी म्हणतात. हे तिथे खोली बांधतायत, दाराची चौकटही बसली. जनावरांना आडोसा असेल. माझ्यासाठी काही निरोप आहे का, मी विचारलं. म्हणाला, आहे ना वहिनी, घर स्वच्छ ठेवा म्हणालेत. हसत होता मेला. चौकशी केली ह्यांनी, हेच खरं.

१४ सप्टेंबर
आज पाठवलेल्या पत्राची नक्कल :
नमस्कार. इकडे सर्व कुशल. आडोशाचं काम आता संपलं असेल. तुमचं ताट मांडते आणि पुन्हा उचलते, त्याला खर्च काही नाही. दगड ओनोराताकडेच राहू दे. कळपही. मला नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, घेतला तर. उत्तराचं तिकीट आत ठेवलं आहे. तुम्ही येणार की नाही, एवढंच उलट टपाली कळवावं.