शेवटची चार पानं

३ फेब्रुवारी

पानं आली! खारीने या वेळी चक्क जुन्या ओढणीत गुंडाळून पाठवलीत. पेन्सिल नेहमीसारखीच, हलकी आणि घाईची, तरी कुठे चुकलेली नाही. ती पेन्सिलने काढते, मी वरून शाई फिरवते आणि शाई वाळली की तिची रेघ खोडून टाकते. आमचं हे असंच चाललंय वर्षानुवर्षं. पुस्तिकेवर आमची नावंही टोपणच, ती खार आणि मी शाई.

मूळ चित्रकथेत तलवारवाली आणि वैद्यबाई फक्त तीन चौकटींत एकत्र आहेत. तिसरीत वैद्यबाई तिच्या दंडाला पट्टी बांधते आणि जरा जास्त वेळ हात तसाच ठेवते. बस्स! पुढे लिहिणाऱ्याला दोघींचा विसर पडला. आमच्यासारख्यांना नाही पडला. त्या तीन चौकटींवर आम्ही आठ पुस्तिका काढल्या. चित्रकथांच्या मेळ्यात लोक आमच्या टेबलापाशी येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात, ‘त्या दोघींचं नवीन आलंय का?’ खारही मला अशीच भेटली. टेबल तेव्हा दुसऱ्या कुणाचं होतं, आणि शेवटच्या प्रतीसाठी आमची भांडाभांडी झाली होती.

शेवटची चार पानं मुद्दाम उद्यासाठी ठेवलीत.

४ फेब्रुवारी

बघितली. वैद्यबाई लग्न करते. सेनापतीशी! आणि तलवारवाली दारात उभी राहून टाळ्या वाजवते.

डोकं फिरलंय का हिचं?

६ फेब्रुवारी

खार आमच्या चष्म्याच्या दुकानात आली. मालक जेवायला गेले होते, मी आत चाकावर एका आजोबांची काच घासत होते. ती बाहेरच्या आरशासमोर एकेक फ्रेम लावून बघत होती. एक लावून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, लग्न ठरलंय. दातांचा डॉक्टर आहे. तिच्या बालवाडीला सुट्टी आहे म्हणून सांगावं, तितक्या सहज.

काच माझ्या हातून नको तितकी पातळ झाली. फेकून दिली.

पानांचं विचारलं तर म्हणाली, त्याची ताई मेळ्याला येणार आहे, पुस्तिका वाचायला मागतेय, म्हणून या वेळी शेवट असाच हवा. मी म्हटलं, मग नवीन पुस्तिका काढूच नको ना. तर माझा हात धरला. “शाई, आहे तसं ठेव. कारण नंतर सांगते. एवढं ऐक माझं.”

आपलं काही बदलणार नाही म्हणाली. लग्न ठरलं की सगळ्या हेच म्हणतात. मग एक दिवस मुलाच्या वाढदिवसाचं बोलावणं येतं आणि आपण खेळणं घेऊन जायचं, मावशी म्हणून.

सुखी आहेस का म्हणून विचारलं. म्हणाली, दात चांगले आहेत त्याचे. आणि हसली. तिला कधीही हसू येतं. मला नाही आलं.

९ फेब्रुवारी

आई म्हणते, मैत्रिणीचं लग्न ठरलं तर तू का तोंड पाडून बसलीस, तुझंही जमेल. घ्या!

१२ फेब्रुवारी

दातवाल्याचा फोटो पाठवला तिने. मी मागितला नव्हता. कोरलेली दाढी, डाव्या गालावर नाकाशेजारी मोठा तीळ, एक भुवई वर. देखणा आहे मेला. फोटो मोठा करून करून बघितला. असूयेने नुसती जळले. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहिणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

केलं.

आई बहिणीकडे गेली होती. दुपारभर घर माझं. शेवटची चार पानं समोर घेतली आणि आधी खोडरबर फिरवला. शाई नाही, काही नाही, सरळ तिची पेन्सिल खोडली. मंडप गेला, हार गेले, टाळ्या वाजवणारी तलवारवाली गेली. मग मी स्वतः काढलं. वैद्यबाई भर मंडपातून उठते, सगळ्यांच्या देखत तलवारवालीपाशी येते आणि तिचं चुंबन घेते. अख्खं पान एकाच चौकटीला दिलं.

आमचा एक नियम आहे. चेहरे आमचे असले तरी ओळख पटेल असं काही काढायचं नाही. तिच्या पुढच्या दातांतली फट नाही, माझं नाक नाही. तिची बालवाडीतली नोकरी आहे, माझी आई आहे, म्हणून. आज तो नियमही गेला. फट काढली. नाक काढलं. आणि सेनापतीला कोरलेली दाढी, वर चढलेली भुवई, डाव्या गालावर तीळ. चांगला ठसठशीत! तोंड वासून बघत बसलेला.

मला रेखाटता येत नाही असं खार म्हणते. आज बघ म्हणावं.

१७ फेब्रुवारी

छापखान्यात देऊन आले. तिथला माणूस पानं चाळताना शेवटी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पावती फाडली. वाटेत दोनदा मागे वळले. परत घ्यावीत असं वाटलं. नाही घेतली.

२२ फेब्रुवारी

मेळा झाला.

सकाळ फार छान गेली, हेच वाईट. पुठ्ठ्याची चिलखतं, रंगीत केसांचे टोप, हॉलभर गोंगाट आणि आमच्या कोपऱ्यात आमची माणसं. दोन मुली टेबलाशीच उभ्या राहून शेवट वाचून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दरवर्षी ‘पुतणीसाठी’ म्हणून प्रत घेणारे काका आहेत, पन्नाशी उलटलेले. त्यांनी आज पुतणीचं नाव काढलं नाही. प्रत छातीशी धरली आणि ‘थँक यू हं’ म्हणून गेले. मला वाटलं, बघ, मीच बरोबर.

मग खार आली. सोबत दातवाला, त्याची ताई, आणि त्याचा एक मित्र, चांदीच्या रंगाच्या चिलखतात. ताई हसतमुख बाई. खार मला मिठी मारत होती तेवढ्यात तिने प्रत उचलली आणि आमच्यासारखंच केलं, आधी शेवट उघडला.

ती भावाकडे बघायची, पानाकडे बघायची. मग खारीकडे. मग माझ्या नाकाकडे. खारीने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती घाबरली. “काय केलंस तू हे?” एवढंच म्हणाली, तेही अगदी हळू.

दातवाला पांढराफटक पडला. चिलखतवाल्या मित्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याने तो असा झटकला, जसं काही चटका बसला. ताईने तेही बघितलं. प्रत पर्समध्ये घातली आणि चालू लागली.

२३ फेब्रुवारी

खार फोन उचलत नाही.

२४ फेब्रुवारी

नाहीच.

२६ फेब्रुवारी

लग्न मोडलं! आईला बाजारात कुणीतरी सांगितलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि चक्क हसले. मग आरशात बघितलं आणि हसणं थांबलं. तरी मनात एकच, आता येईल. दोन दिवस चिडेल, चार शिव्या घालेल आणि येईल.

२ मार्च

बालवाडीत गेले. फाटकावर बाई म्हणाल्या, त्या आता इथे नाहीत. घरचे येऊन घेऊन गेले. पालकांमध्ये एक पुस्तिका फिरतेय म्हणाल्या आणि माझ्याकडे निरखून बघू लागल्या. मी मान खाली घालून निघाले. भिंतीवर तिने काढलेली अस्वलं तशीच होती.

५ मार्च

दातवाला दुकानात आला. दाढी काढून टाकलीय. मालकांना म्हणाला, चष्म्याची काच सैल झालीय, आणि सरळ आत माझ्यापाशी आला.

मला वाटलं, मारणार. मारायला हवं होतं.

तो चिलखतवाला त्याचा मित्र नाही. म्हणजे मित्रच, पण आमच्यासारखा. किती वर्षांपासून ते विचारायचं धाडस झालं नाही. दोघं आमच्या पुस्तिका पहिल्यापासून घेतात म्हणाला. टेबलावर कधी आले नाहीत, कुणाकडून तरी मागवायचे. खारीला त्यानेच शोधून काढलं. दोघांच्या घरी लग्नाचा तगादा, तर करून टाकू लग्न, घरचे गप्प बसतील आणि आपण चौघं सुखाने राहू. लग्न होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही ही अट त्याचीच. “मीच घातली तिला शपथ. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही असं तीच म्हणायची. लग्नानंतर तुम्हाला सांगणार होती.”

ताईने घरी सगळं सांगितलं. मित्राला गाव सोडायला लावलं. खारीचा फोन तिच्या वडिलांकडे आहे, ती कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही.

मी माफी मागितली. तो म्हणाला, माझ्याकडे मागून काय उपयोग. तेही खरंच. मग म्हणाला, चौघांसाठी भाड्याने घेतलेलं घर परत करायचंय, वरच्या मजल्यावर तुमचं सामान आहे, घेऊन जा. माझं कसलं सामान, म्हटलं. त्याने किल्ली काउंटरवर ठेवली.

७ मार्च

वर एकच खोली. रिकामी. खिडकीशी चित्रं काढायची दोन तिरकी टेबलं भिंतीत ठोकून बसवलेली. एकाला उजेड डावीकडून, उजव्या हाताची सावली कागदावर पडू नये असा. दुसरं मुद्दाम उलटं फिरवून बसवलंय, त्याला उजेड उजवीकडून.

मी डावखुरी आहे.