पाचवी भाषा आणि ‘मले’

सर, आधी तक्रार ऐका. माझा फोन मला बोलू देत नाही. आज सकाळी मावसभावाला लिहिलं, ‘मले उद्या कळंबले जा लागते.’ फोनने स्वतःच्या अधिकारात शुद्धलेखन केलं आणि ‘मुले उद्या कळंबले जा लागते’ असं धाडून दिलं. मी बिनलग्नाचा, हे साऱ्या यवतमाळला ठाऊक. तरी त्याचं लगेच उत्तर, ‘कोणाचे मुलं बे? सांगतलं नाही कधी!’ पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची अब्रू एका उकाराने जावी, याची दाद कुठे मागायची ते कळेना. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण भाषेच्या खटल्यात मला दुसरं कोर्ट माहीत नाही.

लोहाऱ्याच्या तुमच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. गावातली माणसं कापसाचा भाव पाहत, प्लॉटचा भाव पाहत. तुम्ही पापुआ न्यू गिनीतल्या पाच लहानशा भाषांचं नातं पाहत होतात. तरुणपणी तिथल्या डोंगरात राहून त्यांचे शब्द गोळा करून आणलेत आणि उरलेलं आयुष्य, कॉलेजचे तास सांभाळून, ते पाखडत बसलात. गल्लीत समज असा, की सर परदेशी लोकांच्या सोयरिकी जमवतात. समज अगदीच चुकीचा नव्हता. पाचही भाषा एका कुळातल्या, हे तुम्ही मांडणार म्हणून बाहेरची विद्वान मंडळी वाट पाहत होती, व्याख्यानाला बोलावत होती. आणि तेव्हाच एका संध्याकाळी मी चहाला येतो. काकू अंबाडीची भाजी निवडताहेत, आणि तुम्ही कुणी मेल्याची खबर द्यावी तसे म्हणता, ‘पाचवी बाहेर काढून राह्यलो.’

‘काहून?’ काकूंचा हात थांबतो. ‘डुकराले तोच शब्द, अळूच्या कांद्याले तोच, शिंपल्याच्या माळेले तोच. तुम्हीच तं सांगत होते.’

‘ते सारे बजाराचे शब्द हायेत. शेजारणीची वाटी घरात दिसली म्हणून शेजारीण बहीण होते काय? भांडं शेजारून आणता येते, “मी” आणता येत नाही.’ मग माझ्याकडे वळून तुम्ही समजावता: चार भाषांत ‘मी’, ‘माझं’, ‘मला’ या सगळ्यांत एकच ‘न’ फिरतो, पाचवीत तो औषधालाही सापडत नाही. झरी जामणीकडच्या कोलामीत मराठी शब्द खंडीभर, म्हणून ती काही मराठीची लेक ठरत नाही, तसंच हे.

‘एवढे वर्ष घरात वागवली तिले,’ काकू म्हणतात. ‘राहू द्या ना. कोणाचं काय जाते?’

‘तिचंच जाते. तिचं सोताचं घर असन कुठीतरी. मी आपल्या सोयीसाठी ते मोडू?’

मी तेव्हा पेपरात नुकताच विनोदी सदर लिहू लागलो होतो, त्यामुळे गप्प राहणं धंद्याला मारक होतं. ‘सर, पाच असले की पांडव म्हणतात, चार उरले की खांदेकरी.’ काकू फिस्सकन हसल्या. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. ‘तुह्या लेखात “मले” म्हणणारा माणूस नेहमी येडाच काहून असते बे? साहेब “मला” म्हणते, डॉक्टर “मला” म्हणते, अन् दारू पिऊन नालीत पडला का तो “मले उचला” म्हणते. तू घरी “मले”, कागदावर “मला”. तुले कोणत्या कुळात टाकू मी? “मले”वालं एक वाक्य लिहून दाखव, ज्याले कोणी हसणार नाही.’

तुमचा निबंध आला तो चार भाषांचाच. पाचवी शेवटच्या पानावर एकटी, ‘हिचं कुळ अजून कळलेलं नाही’ एवढ्याच ओळखीवर. बोलावणारे थंडावले. तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात संधीचे नियम शिकवलेत, चेहऱ्यावर सुतक नाही. मी माणसांना खान्यांत टाकूनच पोट भरतो, सर: हा ढोंगी, तो लाळघोट्या, ही विदुषी. पुरावा मागायला कोणी येत नाही. तुम्ही मात्र तुमचं नावही न ऐकलेल्या डोंगरातल्या माणसांच्या ‘मी’साठी स्वतःची कमाई उणी केलीत. एवढा प्रामाणिक माणूस माझ्या सदरात बसेना. फार प्रयत्न केला, तुमच्यावर विनोद होत नाही.

तुम्ही मागितलेलं ते ‘मले’वालं वाक्य राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा श्रद्धांजलीचा लेखही मी स्वच्छ ‘मला’मध्ये लिहिला. काकूंनी वाचला, घडी घातली, म्हणाल्या, ‘चांगला हाय,’ आणि चहा टाकायला उठल्या. बसायला जागा तुमचीच रिकामी होती. मी उभ्यानेच चहा प्यायलो.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून आज जमेल. फोनने आत्ताही ‘मुले’ केलं. मी उकार काढला. त्याने परत लावला. मी परत काढला.

मले करमत नाही, सर.