तुझी शिवण उसवली नव्हती

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावजींना नमस्कार, आईच्या पायांवर डोकं, आणि तुमच्या त्या बोचकारणाऱ्या बोक्याला लांबूनच हात.

इकडे सगळी मजेत. लेकीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी बडबड कमी नाही. नवऱ्याने सकाळी धावायला जायचं ठरवलं, नवे बूट आणले, आणि आता तेच बूट घालून तो कचरा टाकायला जातो. दुकानात कामाचा नुसता ढीग आहे. एका हॉटेलाने झाडून सगळ्या खुर्च्या कापड बदलायला पाठवल्यात. हो, आणि घरच्या सोफ्यालाही मी गडद तपकिरी रेक्झिन चढवलं. नवरा म्हणतो, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. त्याला काय कळतंय!

तुझा निरोप मिळाला. 'पाहुणी म्हणून आलीस, मी हाताने शिवलेल्या उशीत खोट काढलीस आणि ती काखोटीला मारून चालती झालीस. एवढी मोठी कारागीर झालीस का?' अगं, तसं काही नाही. शिवण खरंच उसवली होती. आमचा धंदाच तो, दिसलं की हात शिवशिवतात. दुरुस्त करून पाठवते.

मेमध्ये आईच्या वाढदिवसाला मात्र माझं काही खरं नाही. कंबर दुखते. जानेवारीतली कंबर मेमध्ये कशी दुखेल, असं विचारू नकोस. सोफे उचलणाऱ्यांना आधीच कळतं. आणि राग वगैरे अजिबात नाही हं. तुझ्यावर रागवायला मला वेळ कुठे आहे?

तुझी कामात बुडालेली,
धाकटी


३० जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी. 'आईला काय सांगू? धाकटीच्या कंबरेने मे महिन्याची तारीख घेतली आहे, असं?' मी मोठ्याने हसले, आणि ते हसणंच नडलं. म्हणून आज खरं लिहायला बसले आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच कुणाची तरी नक्कल केली असतीस आणि मी विषय बदलून मोकळी झाले असते. हे पत्र भावजींना वाचून दाखवू नकोस.

तुझी शिवण उसवली नव्हती. इतकी सरळ शिवण मलाही दर वेळी जमत नाही. त्या दिवशी तू भावजी पडद्याची दांडी बसवतात त्याची नक्कल करत होतीस ना? 'जरा धर, जरा सोड, अगं सोडलीस का!' मी हसता हसता वाकले आणि मला लघवी झाली. लिहिलं बाई एकदाचं. चांगली उशीपर्यंत गेली, कारण मी तुझ्या उशीवरच बसले होते. घर माणसांनी भरलेलं. तोंडात पहिलं जे आलं ते मी बोलले, उशी पाठीमागे धरली आणि सटकले. रस्त्यात रडले. नंतर तुझा चेहरा आठवून जास्त रडले, कारण ती उशी तू किती हौसेने दाखवली होतीस.

ती धुऊन, वाळवून आजच पाठवली आहे. एक टाकाही उसवलेला नाही, बघून घे.

लेकीच्या जन्मापासून शिंकताना, खोकताना थोडंफार व्हायचं. मी म्हणायचे, चालायचंच. गेल्या वर्षात ते वाढलं. रेक्झिन कशासाठी, ते आता कळलं असेल. दुकानातल्या माझ्या स्टुलालाही तेच. गंमत म्हणजे काही दिवस अगदी ठणठणीत, मग पुन्हा तेच. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय.

डॉक्टरकडे गेले नाही असं नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांसमोर बसले आणि माझी दातखीळ बसली. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, खोकला आला की फार त्रास होतो." त्यांनी छाती तपासली, घसा तपासला आणि खोकल्याचं औषध दिलं. मी ते निमूटपणे संपवलंसुद्धा!

डोळे उघडले ते आमच्या सुतारणीमुळे. मोडके सांगाडे ती दुरुस्त करते, कापड मी चढवते, आणि सोफा उचलायचा तर एक टोक तिचं, एक माझं. परवा मी पुन्हा कंबर धरली तशी ती भडकली. "तुझी कंबर मोठी शहाणी आहे गं! तीन आठवडे एकटी कपाट हलवशील, आणि एक आठवडा तुला उशीसुद्धा जड. पाळी आली की पुन्हा पैलवान!"

मी स्टेपलर हातात घेऊन तशीच उभी. खरंच की! पाळीच्या आधीचेच ते दिवस. मग तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग बायकांच्या डॉक्टरणीकडे जा, आणि त्याच दिवसांत जा. गाडी बिघडलेली असतानाच मेकॅनिकला दाखवतात."

दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "येत्या बुधवारी या." मी म्हटलं, "नको, बुधवारी मी बरी असेन." तिने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. पण पुढची तारीख दिली.

ताई, मला भीती वाटते. तपासणीची नाही. काही उपाय नाही म्हणाल्या तर तुझ्या घरी येणं कायमचं सुटेल, याची. तुझ्याइतकं मला कुणीच हसवत नाही, आणि वर्षभर मी तुलाच टाळते आहे.

रागावलेली नसलेली,
धाकटी


४ मे

ताई, माझी ताई,

तुझी सगळी पत्रं उशाशी ठेवली आहेत. 'उशी गेली खड्ड्यात, तू ये' हे तर पाठच झालंय. फोनवर सगळं तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आता नीट ऐक.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. जंतुसंसर्ग नव्हता. मग म्हणाल्या, "खोका." मी जीव खाऊन खोकले आणि झालं! जन्मात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला. "बघा, बघा, झालं!" मी ओरडलेच. लेकीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही मी एवढी ओरडले नव्हते. बाईंनी शांतपणे टॉवेल दिला.

त्या म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात, ते बाळंतपणात ताणले जातात. काही बायकांना पाळीच्या आधी त्रास वाढतो. त्या दिवसांत शरीरातले हार्मोन खालीवर होतात, त्याचा परिणाम असावा, पण नेमकं कसं ते अजून पुरतं कळलेलं नाही. मला त्यांचं हे 'कळलेलं नाही' फार आवडलं. आणि म्हणाल्या, "इतक्या बायका येतात, आणि प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच."

मी मनात कपाळावर हात मारला. सोफ्याच्या बैठकीखाली पट्टे असतात. ते सैल पडले की बैठक खचते. गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं कापड बदला, आणि मी त्याला झापते, की वरून मखमल चढवलीत तरी खालचे पट्टे कोण ताणणार? अख्ख्या गावाला हे शहाणपण शिकवणारी मी, स्वतःवर वर्षभर रेक्झिन चढवत बसले होते.

पट्टे ताणायला त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. पोरगीच आहे, पण जरब अशी की बोलायची सोय नाही. आत आवळा म्हटलं की मी श्वास रोखायचे आणि भुवया वर न्यायचे. "भुवया खाली! त्यांचं इथे काही काम नाही." आता जमतं. भांडी घासताना, गिऱ्हाइकाचं रडगाणं ऐकताना, कुणाला पत्ताही लागत नाही. गेल्या महिन्यात त्याच वाईट आठवड्यात सुतारणीबरोबर तीन माणसांचा सोफा उचलला. कोरडी! तिने टोक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. पूर्ण गेलंय असं नाही. जोराची शिंक अजून दगा देते. पिशवीत पॅड असतं, पण आता ते लपवत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्या आईला असा त्रास होता?" मी म्हटलं, "छे! आमची आई भारी कडक."

परवा लेक कसलासा विनोद सांगत होती. पडक्या दातांतून अर्धे शब्द निसटत होते. मी हसता हसता सवयीने उठले आणि आत निघाले. ती म्हणाली, "आई, तुला माझे विनोद आवडत नाहीत का? मध्येच का उठून जातेस?"

आणि मला दारातच आई दिसली. काका आले की कसे किस्से रंगायचे, आठवतं? आपण पोट धरून लोळायचो, आणि ऐन रंगात आई उठून आत जायची. कधी कधी कपडे बदलून यायची. आपण तिला 'हेडमास्तरीण' म्हणायचो. तिच्या तोंडावर नाही, पण तिला ऐकू जायचं. तिला हसणंच आवडत नाही, असं आपण किती वर्षं धरून चाललो. मी लेकीला जवळ घेतलं आणि सरळ सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?"

ताई, आई अजूनही उठून जाते का गं?

मी वाढदिवसाला येतेय, चांगली आठवडाभर. आईच्या शेजारची जागा माझी, कुणाला देऊ नकोस. तू पडद्याच्या दांडीपासून सुरुवात कर, मागेपुढे पाहू नकोस. आई उठली, तर या वेळी तिला एकटीला आत जाऊ देणार नाही. तिच्या मागोमाग जाईन, दार लावून घेईन आणि आधी माझं सांगेन.

तुझी, आणि हसणं आवडणाऱ्या आपल्या आईची,
धाकटी